उभी नदी, आडवी नाव

तिरोडा तालुक्याच्या नदीकाठी ‘डोंग्यात बसून जाणे’ याचा अर्थ एकच: पलीकडे जाणे. इकडे तिरोडा, तिकडे तुमसर, मधे वैनगंगा. डोंगा नदीला आडवा जातो, माणसे उतरतात, डोंगा परततो. पण सकाळी नावेत बसावे, धारेबरोबर संथपणे खाली जावे, दुपारी एखाद्या घाटावर शिदोरी सोडावी आणि दिवेलागणीला भलत्याच गावी उतरावे, असा उभा प्रवास इथल्या रोजच्या व्यवहारात रुजला नाही. इतकी मोठी नदी दाराशी असताना असे का झाले?

पहिले उत्तर नदीच देते. शिवनी जिल्ह्यातल्या डोंगरातून निघालेली वैनगंगा बालाघाटमार्गे इथे येते ती पावसाच्या भरवशावर. आषाढ-श्रावणात तिचा पूर कोणत्याही नावेला झेपत नाही. उन्हाळ्यात ती वाळूतून बारीक धारांनी वाहते. त्या वाळूत डांगरवाड्या लागतात आणि लोक पायीच नदी उतरतात. मधल्या काळात पाणी पुरेसे असते, पण डोहामागून खडक आणि खडकामागून उथळ वाळू हा क्रम सुटत नाही. कार्तिकात जिथे यात्रा भरते ते माडगीचे नृसिंह मंदिर नदीपात्रातल्या खडकावरच उभे आहे. भाविकाला जो खडक देवाचे ठाणे वाटतो, तोच नावेला अडसर असतो.

तरीही एकदा या खोऱ्यातल्या नद्यांना उभी वाट करण्याचा मोठा घाट घातला गेला होता. 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापसाची चणचण भासू लागली. वऱ्हाड-नागपूरचा कापूस गोदावरीने थेट पूर्व किनाऱ्याला न्यावा, ही कल्पना आर्थर कॉटन यांची. हिंदुस्थानला रेल्वेपेक्षा जलमार्ग अधिक मानवतील असे त्यांचे ठाम मत होते. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी योजना उचलून धरली. काम कॅप्टन हेग यांच्याकडे आले. आड येत होत्या खडकांच्या तीन रांगा: गोदावरीवर दुम्मागुडेम व इंचमपल्ली आणि प्राणहितेवर देवलमरी. दुम्मागुडेमला बंधारा आणि नावा चढवण्या-उतरवण्याची दारे बांधली गेली. वर्धा आणि वैनगंगा मिळूनच प्राणहिता होते. म्हणजे तिरोड्याजवळून वाहणारे पाणी या स्वप्नाच्याच वाटेने समुद्राला जात होते.

स्वप्न फार टिकले नाही. युद्ध 1865 मध्ये संपले आणि कापसाचा बाजार उतरला. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपुरात पोहोचली. वर्षातले काही महिनेच चालणाऱ्या जलमार्गावर पैसा ओतणे सरकारला परवडेना. 1871 मध्ये काम सोडून दिले गेले. पुढे 1882 पर्यंत नागपूरहून राजनांदगावपर्यंत मीटरगेज रेल्वे झाली. ती तिरोड्यावरूनच गेली, माडगीजवळ पुलावरून वैनगंगा ओलांडून. नदी आता वाट उरली नाही, वाटेतली अडचण झाली. ज्या तहसिलीला एके काळी तिरोड्याचे नाव होते, ती पुढे गोंदिया या जंक्शनच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

आडव्या नावेवर मात्र सरकारची नजर गेलीच. 1878 चा नॉर्दर्न इंडिया फेरीज अ‍ॅक्ट मध्य प्रांतालाही लागू होता. सरकारने जाहीर केलेल्या घाटावरची उतराई वसूल करण्याचा हक्क लिलावाने देता येई, आणि अशा घाटापासून दोन मैलांच्या आत परवानगीवाचून दुसरी नाव चालवायला मनाई होती. कायद्याच्या भाषेत घाट म्हणजे उत्पन्न. धार कुठे सरकली, कोणता डोह कधी दगा देतो, हे ज्यांना तोंडपाठ होते त्या ढिवरांच्या ज्ञानाला त्यात रकाना नव्हता. जाळे, शिंगाडा, डांगरवाडी आणि डोंगा यांवर वर्ष काढणारा हा समाजच नदीचा खरा नकाशा बाळगून होता. इंजिनियरांनी खडक मोजले. ढिवर त्यांच्यामधून वाट काढत आले.

आज चित्र पालटले आहे. तिरोडा तालुक्यात कवलेवाड्याला धापेवाडा योजनेचा बंधारा आहे. खाली गोसेखुर्दच्या धरणाची पायाभरणी 1988 मध्ये झाली आणि त्याचे फुगवट्याचे पाणी भंडाऱ्यापर्यंत येते. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात वैनगंगेचा खालचा पट्टा आणि प्राणहिता यांचा समावेश झाला. तिरोडा त्यात नाही. धरणाच्या पाण्यावर आता नौकाविहाराच्या गोष्टी होतात. कॉटन यांना हवे होते तसे अडवलेले, खोल पाणी दीडशे वर्षांनी काही ठिकाणी मिळाले. पण त्यावर माल वाहायचा नाही आणि पूल झाल्याने माणसेही उतरवायची नाहीत. राहिला तो निवांत विहार.

त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. फक्त एक ध्यानात ठेवावे. अडवलेल्या पाण्याखाली गावे आणि शेते गेली आहेत, आणि धार थांबली की वाहत्या पाण्याचे मासे व उन्हाळ्यातली वाळूही जाते. ती गेली की ढिवरांच्या वर्षातले दोन हंगाम जातात. उद्या कोणी पर्यटक वैनगंगेवर दिवसभर नावेत बसलाच, तर वल्हे कोणाच्या हाती आहे ते त्याने पाहावे, आणि पाण्याखाली काय आहे ते त्यालाच विचारावे. नदीचा जो इतिहास सरकारी दप्तरात उतरला नाही, तो त्याच्याकडे मिळण्याची शक्यता अजून आहे.