कुत्र्याची आंघोळ: एका साध्या सल्ल्याचा इतिहास कसा वाचायचा?

कुत्रा पाळणाऱ्या चार जणांना विचारून बघा, कुत्र्याला आंघोळ किती दिवसांनी घालावी? तिघं तरी सांगतील, "वारंवार घालू नका, कातडी कोरडी पडते." पण तोच कुत्रा सतत अंग खाजवणारा, पंजे चाटणारा, ॲलर्जीवाला असेल आणि तुम्ही त्वचारोग जाणणाऱ्या पशुवैद्याकडे गेलात, तर बऱ्याचदा उलट ऐकायला मिळतं: "आठवड्यातून एकदा तरी घाला." दोन्ही सल्ले तितक्याच खात्रीनं दिले जातात. मग खरं काय?

डॉक्टरसाठी हा उपचाराचा प्रश्न आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी तो थोडा वेगळा आहे: हा सल्ला कधी, कोणासाठी आणि कुठल्या साबणाच्या हिशेबानं तयार झाला? तुम्ही पीएचडीची तयारी करत असाल, विषय 'मोठा' नाही म्हणून बिचकत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी. अगदी घरगुती सल्ल्यातूनही संशोधनाचा प्रश्न कसा उभा राहतो, ते पाहू.

पाणी न लावता स्वच्छता

सुरुवात जुन्या साधनांपासून. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात एरियन या ग्रीक लेखकानं शिकारी कुत्र्यांवर एक पुस्तक लिहिलं. कुत्र्याचं सगळं अंग हातानं चोळावं, असं तो सांगतो. त्यानं अवयव मजबूत होतात, केस मऊ आणि तकतकीत होतात, कातडीवरचा मळ निघतो. स्वच्छता आहे, पण ती हाताची, पाण्याची नाही.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये फ्वाचा सरदार गास्तों फेबुस यानं शिकारीवरचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यात कुत्र्यांचे आजार, त्यांची राहण्याची जागा, त्यांचं अंथरूण यावर बारकाईनं लिहिलंय. पुढे यॉर्कच्या ड्यूकनं त्याचा बराचसा भाग इंग्रजीत आणला. घाणेरडं अंथरूण आणि कातडीचा आजार यांचा संबंध या मंडळींना दिसत होता.

इथे पेन्सिल घ्या आणि समासात लिहा: ही सगळी साधनं कोणाची आहेत? सरदारांची, शिकाऱ्यांची. कुत्रा इथे दिवसभर धावणारा, चिखलात लोळणारा, नदी ओलांडणारा कामाचा प्राणी आहे. गल्लीतल्या कुत्र्याबद्दल ही पुस्तकं जवळपास काही सांगत नाहीत. म्हणून 'मध्ययुगात लोक कुत्र्यांना असं सांभाळायचे' हे वाक्य लिहू नका. 'काही सरदारांच्या शिकारखान्यात असं सांभाळावं असं सांगितलं जाई' एवढंच लिहा. सांगितलं जाई आणि केलं जाई यातही फरक असतो, हे वेगळं सांगायला नकोच.

'लूत' नावाचं मोठं गाठोडं

मराठीत आपण सर्रास म्हणतो, 'लूत लागलेलं कुत्रं'. केस झडलेत, कातडी लाल झालीय, सारखं खाजवतंय, म्हणजे लूत. युरोपातल्या जुन्या पशुवैद्यकातही असंच एक गाठोडं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डेलाबेअर ब्लेन आणि त्याचा एकेकाळचा सहकारी विल्यम युअट यांनी कुत्र्यांच्या आजारांवर इंग्रजीत महत्त्वाची पुस्तकं लिहिली. त्यांत लुतीचे प्रकार पाडलेत. एक 'लाल लूत'ही आहे. आजच्या नजरेनं पाहिलं तर या एका शब्दात किडीमुळे होणारी खरूज, जंतुसंसर्ग, पिसवांचा त्रास आणि ॲलर्जी असं सगळं कोंबलेलं असणार.

तसं पाहिलं तर माणसाच्या खरजेमागे सूक्ष्म कीड असते हे इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी यांनी १६८७ सालीच दाखवलं होतं. पण ते सगळ्यांना पटायला १८३४ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी रेनुची नावाच्या विद्यार्थ्यानं पॅरिसमध्ये रुग्णाच्या कातडीतून सुईनं कीड काढून दाखवली. शोध लागणं आणि शोध मान्य होणं या दोन घटनांमध्ये दीडशे वर्षं जाऊ शकतात, हे या उदाहरणावरून ध्यानात ठेवा.

आता मोह आवरायची जागा. ब्लेनच्या पुस्तकातलं एखादं वर्णन वाचून आपल्याला वाटतं, "अरे, ही तर ॲलर्जी!" असं मागे जाऊन केलेलं निदान फार धोक्याचं असतं. तो कुत्रा आपल्यासमोर नाही, त्याची कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येणार नाही. आपल्याकडे आहे तो फक्त लिहिणाऱ्याचा शब्द, आणि तो शब्द त्याच्या काळाचा आहे. म्हणून प्रश्न बदला. 'त्याला काय झालं होतं?' याऐवजी 'त्याला लूत म्हटल्यामुळे त्याच्यावर काय उपचार झाले?' असं विचारा. याचं उत्तर कागदावर सापडतं. गंधकाचं मलम, डांबर, पाऱ्याचं मलम, तंबाखूचं पाणी असे उपाय तेव्हा होते. कुत्रा अंग चाटतो, आणि पारा, तंबाखू पोटात गेले तर विष. गाठोड्याला दिलेलं नाव चुकीचं असेल, तर त्याची किंमत त्या जिवाला मोजावी लागते.

साबण येतो

१८६० च्या आसपास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट यानं कुत्र्यांसाठी बिस्किटं विकायला सुरुवात केली. पुढे स्प्रॅट्स पेटंट ही कंपनी कुत्र्यांचा साबणही विकू लागली. या साबणात विष नाही, असं जाहिरातीत आवर्जून सांगितलेलं असे. 'विष नाही' असं कोणी ओरडून सांगत असेल, तर बाजारात विष असलेलंही काहीतरी असणार, हे तुमच्या लक्षात यायला हवं. जाहिरात वस्तूबद्दल खरं सांगेलच असं नाही, पण गिऱ्हाइकाच्या भीतीबद्दल ती बरंच खरं सांगते. तो कार्बोलिकचा जमाना होता, आणि कार्बोलिक आम्ल कातडीतून शोषलं जातं. चाटणाऱ्या प्राण्याला तर ते आणखी घातक.

विष नसलं तरी साबण तो साबणच. चरबी आणि अल्कली यांच्यापासून बनलेल्या साबणाचा पीएच साधारण ९ ते १० असतो. कुत्र्याची कातडी माणसाच्या कातडीपेक्षा कमी आम्लधर्मी, उदासीनच्या जवळपास असते. तिचा बाहेरचा जिवंत थरही पातळ, बऱ्याच ठिकाणी पेशींच्या तीन ते पाच रांगांचा. अशा कातडीवर तीव्र साबण पुन्हा पुन्हा चोळला तर ती कोरडी पडणारच. म्हणजे 'वारंवार आंघोळ नको' हा सल्ला मूर्खपणाचा नव्हता. तो त्या साबणासाठी बरोबर होता. पुढे विसाव्या शतकात कृत्रिम डिटर्जंटवर आधारलेले सौम्य शांपू आले. साबण बदलला, सल्ला मात्र तोच राहिला.

आणि आंघोळ घालत कोण होतं? १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन कोशात 'डोरिया' हा शब्द आहे: दोरी धरणारा, साहेबांचे कुत्रे सांभाळणारा नोकर. कुठल्या कुत्र्याची कातडी कशानं बिघडते हे त्याच्या हातांना माहीत असणार, पण पुस्तक लिहिलं साहेबानं. परळला १८८३ साली बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावानं प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं आणि १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. मुंबईत पाळीव प्राण्यांच्या उपचारांचा इतिहास शोधायचा असेल, तर या दोन संस्थांपासून सुरुवात करता येईल. तिथेही हाच प्रश्न सोबत न्या: कागदावर कोण आहे, आणि कुत्र्याला धरून कोण उभं आहे?

शब्द आधी, रुग्ण नंतर

'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के यानं घडवला. 'ॲटोपी' हा शब्द १९२३ साली कोका आणि कूक यांनी रूढ केला. १९४१ साली विटिच या अमेरिकी ॲलर्जीतज्ज्ञानं एका कुत्र्यातल्या नैसर्गिक ॲटोपीची नोंद प्रसिद्ध केली. तिच्या शीर्षकातच 'हे फीव्हर' आहे, म्हणजे माणसांना ऋतुमानानुसार परागकणांमुळे होणारा त्रास.

इथे जरा थांबा. ॲलर्जीवाल्या कुत्र्याचं मुख्य दुखणं असतं खाज: पंजे, पोट, काखा, कान. पण वैद्यकीय साहित्यात पहिला मान मिळाला तो माणसासारखा त्रास होणाऱ्या कुत्र्याला. कारण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत माणसाच्या आजाराचा साचा होता. खाजवणारी कुत्री तेव्हाही होतीच, पण ती 'लूत'वालीच राहिली. १९७० च्या दशकात रिचर्ड हॅलिवेल आणि इतरांनी कुत्र्याच्या आयजीई प्रतिपिंडांवर काम केलं आणि मग खाजेचा आणि ॲलर्जीचा धागा घट्ट जुळत गेला.

आंघोळ औषध होते

तरी आंघोळ लगेच महत्त्वाची झाली नाही. त्यासाठी तीन गोष्टी घडाव्या लागल्या.

पहिली, कातडीकडे पाहण्याची नजर बदलली. आधी कातडी म्हणजे आतल्या ॲलर्जीचं फळ दिसायची जागा. २००६ साली माणसांच्या इसबात फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकातले दोष सापडले आणि कातडीचा अडसरच कच्चा असू शकतो, हा विचार बळावला. कुत्र्यांबाबतही तसं संशोधन झालं. अडसर कच्चा असेल तर गवतातून, मातीतून अंगावर येणारे कण आत शिरतात. मग रोज मैदानात धावणाऱ्या कुत्र्याच्या अंगावरून ते धुऊन काढणं हाच उपचाराचा भाग ठरतो.

दुसरी, प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू. खाजवून झालेल्या जखमांत स्टॅफिलोकोकस वाढतात. गोळ्या निकामी होऊ लागल्या तसं बाहेरून धुण्याकडे लक्ष गेलं. २०१५ साली इटलीतल्या एका गटानं क्लोरहेक्सिडिनचा शांपू आणि द्रावण यांची तुलना तोंडावाटे द्यायच्या प्रतिजैविकाशी केली. वरवरच्या संसर्गात दोन्हींचा परिणाम तोडीस तोड निघाला.

तिसरी, खाज मोजता यायला लागली. २००७ साली पीटर हिल आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या मालकानंच भरायची खाजेची मोजपट्टी मांडली. जे मोजता येत नाही, त्याची चाचणी घेता येत नाही.

कुत्र्यांच्या ॲटोपिक त्वचारोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटानं २०१० साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१५ साली त्या सुधारल्या. त्यांत कातडीला न झोंबणाऱ्या शांपूनं आंघोळ हा उपचारांपैकी एक आहे. आठवड्यातून एकदा, कोमट पाण्यानं. शांपूत काय आहे यापेक्षा आंघोळ किती वेळा आणि किती नीट घातली हेच जास्त महत्त्वाचं असावं, असंही तिथे म्हटलंय. कातडी कोरडी पडू शकते म्हणून ओलावा राखणारं काही लावावं, हेही आहे. जुन्या सल्ल्यातली खरी भीती नव्या सल्ल्यानं झटकून टाकली नाही, सांभाळून घेतली.

तुमच्यासाठी काय?

या सगळ्यातून कुठलाही सल्ला वाचताना विचारायचे तीन प्रश्न निघतात. एक, सल्ल्यामागची वस्तू कोणती? शब्द तोच राहतो, वस्तू बदलते. 'साबण' हा त्याचा नमुना. दोन, सल्ला कोणत्या शरीरासाठी? निरोगी कुत्र्यासाठीचा नियम ॲलर्जीवाल्या कुत्र्यावर लादला, तर तो बिचारा रात्रभर पंजे चावत बसतो. तीन, कोणता नवा शब्द किंवा मोजपट्टी आल्यामुळे सल्ला बदलला?

आता तुमचा विषय घ्या. बाळाचं मालिश, ताप आल्यावर आंघोळ, बाळंतिणीचा आहार, काहीही चालेल. घरात ठामपणे सांगितलं जाणारं एक वाक्य वहीत लिहा आणि त्याखाली हे तीन प्रश्न. ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला चटकन देता येणार नाही, तिथून संशोधन आराखड्याचं पहिलं पान सुरू करा.