ठाणेदार, श्री

(२२ फेब्रुवारी १९५५ – ). मराठी भाषक अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ, उद्योजक आणि राजकारणी. जन्म चिकोडी येथे, बालपण बेळगावात. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या प्रतिनिधिगृहावर २०२० मध्ये डेट्रॉईट शहरातील तिसऱ्या मतदारसंघातून डेमोक्रॅटिक पक्षातर्फे ते निवडून आले. त्यांनी जिंकलेली ही पहिलीच निवडणूक. त्या वेळी त्यांनी वयाची पासष्टी गाठली होती आणि त्यापूर्वी त्यांनी नगरपालिका, शाळामंडळ वा पक्षसंघटना यांपैकी कोठेही पद भूषविलेले नव्हते. पुढे जानेवारी २०२३ मध्ये ते अमेरिकी काँग्रेसचे सदस्य झाले. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्यांच्या राज्य विधिमंडळातील प्रवेशाची पार्श्वभूमी आणि त्यामागील भूमिका यांचा विचार केला आहे.

ठाणेदार यांचे घर मध्यमवर्गीय होते. परंतु वडील निवृत्त झाल्यावर मोठ्या कुटुंबाची ओढाताण सुरू झाली आणि कमावत्याचा भार कोवळ्या वयातच त्यांच्यावर आला. कर्नाटक विद्यापीठाची रसायनशास्त्रातील पदवी त्यांनी वयाच्या अठराव्या वर्षी मिळविली. मुंबई विद्यापीठातून एम्.एस्‌सी. झाल्यावर (१९७७) त्यांनी भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरी केली. १९७९ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन विद्यापीठातून बहुवारिक रसायनशास्त्रात त्यांनी पीएच्.डी. मिळविली (१९८२). मिशिगन विद्यापीठातील संशोधनानंतर सेंट लुईस येथील पेट्रोलाइट कंपनीत त्यांनी काही वर्षे काम केले. १९८८ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले.

नोकरी सोडून १९९१ मध्ये त्यांनी कर्ज काढून केमिर ही छोटी रासायनिक विश्लेषण प्रयोगशाळा विकत घेतली आणि ती भरभराटीस आणली. या यशाची कहाणी त्यांनी ही श्रीची इच्छा या मराठी आत्मचरित्रात सांगितली. पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि महाराष्ट्रातील तरुण वाचकांत ते विशेष गाजले. राजकारणात येण्यापूर्वी मराठी वाचकाला ठाणेदार माहीत होते ते या पुस्तकामुळे. पुस्तकातील चढत्या आलेखानंतरची घसरण मात्र पुढे आली. २००८ च्या आर्थिक मंदीत कर्जाचा बोजा असह्य झाला, औषधचाचणी क्षेत्रातील अ‍ॅझोफार्मा ही त्यांची कंपनी बुडाली आणि २०१० मध्ये बँकेने मालमत्ता ताब्यात घेतली. कंपनीच्या न्यू जर्सीतील बंद पडलेल्या प्रयोगशाळेत शंभराहून अधिक बीगल जातीचे कुत्रे आणि काही माकडे अडकून पडली होती. ताबा बँकेकडे गेल्याने आपल्या हाती काही उरले नव्हते, असे स्पष्टीकरण ठाणेदार यांनी नंतर दिले. परंतु निवडणुकीच्या प्रचारात विरोधकांनी हा प्रसंग उकरून काढला. त्याच २०१० साली त्यांनी मिशिगनमधील अ‍ॅन आर्बर येथे अ‍ॅव्होमीन ही नवी प्रयोगशाळा काढली आणि २०१६ मध्ये तिचा बहुतांश हिस्सा विकला. राजकारणासाठी लागलेला पैसा या विक्रीतून उभा राहिला.

राजकारणातील त्यांचे पहिले पाऊल विधिमंडळाकडे नव्हे, थेट राज्यपालपदाकडे पडले. २०१८ च्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत त्यांनी स्वतःचे एक कोटी डॉलरहून अधिक खर्च केले आणि दूरचित्रवाणीवरील जाहिरातींमधून आपले अपरिचित नाव घरोघरी पोहोचविले. सर्वांसाठी सरकारी आरोग्यविमा, ताशी १५ डॉलर किमान वेतन, शिक्षणावर वाढीव खर्च अशी त्यांची भूमिका पक्षाच्या डाव्या बाजूची होती. पूर्वी त्यांनी रिपब्लिकन नेते जॉन मॅकेन यांना देणगी दिलेली असल्याने या भूमिकेच्या खरेपणाविषयी शंका घेतली गेली. निकालात ग्रेचन व्हिटमर (सुमारे ५२ टक्के) आणि अब्दुल एल-सय्यद (सुमारे ३० टक्के) यांच्यामागे ठाणेदार तिसरे आले. त्यांना सुमारे दोन लाख मते, म्हणजे जवळपास १८ टक्के, मिळाली.

या पराभवाचा त्यांनी घेतलेला अर्थ महत्त्वाचा आहे. अ‍ॅन आर्बर हे विद्यापीठाचे सुखवस्तू शहर सोडून ते डेट्रॉईटमध्ये राहायला आले आणि एका मतदारसंघापुरती लढत निवडली. मिशिगनच्या प्रतिनिधिगृहात ११० जागा असतात, मुदत दोन वर्षांची असते आणि एका मतदारसंघात साधारण नव्वद हजार लोक राहतात. एवढ्या क्षेत्रात उमेदवार पायी फिरू शकतो. १९९२ च्या घटनादुरुस्तीनुसार त्या काळी कोणालाही या सभागृहात तीनपेक्षा जास्त वेळा बसता येत नव्हते. त्यामुळे वेंडेल बर्ड यांची मुदत संपताच तिसरा मतदारसंघ मोकळा झाला. नवख्याला वाट मिळते ती बहुधा अशा रिकाम्या जागेतून; मुदतबंदीचा नियम त्या दृष्टीने नवागतांना फार उपकारक ठरला आहे.

डेट्रॉईट त्या वेळी कोणत्या अवस्थेत होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय या उमेदवारीचे मोल कळत नाही. १९५० मध्ये सुमारे साडेअठरा लाख असलेली शहराची लोकसंख्या २०२० मध्ये ६ लाख ३९ हजारांवर आली होती. मोटारउद्योगातील कामे गेली, गोरी वस्ती उपनगरांत गेली, मागे राहिलेल्यांत सुमारे तीन-चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. जुलै २०१३ मध्ये महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली आणि पुढच्याच वर्षी पाण्याची बिले थकलेल्या हजारो घरांचे नळ तोडले गेले. नळ तोडण्याचे हे सत्र थांबण्यास मार्च २०२०, म्हणजे कोरोनाची साथ, उजाडावी लागली. वाहनविम्याचे हप्ते देशात सर्वांत चढे असलेल्या शहरांत डेट्रॉईटची गणना होई. राज्याने २०१९ मध्ये विमा कायदा बदलला, तो जुलै २०२० पासून, म्हणजे ऐन प्रचारात, लागू झाला. सार्वजनिक शाळांची दैना एवढी होती की मुलांना किमान वाचता येण्याइतके शिक्षण मिळणे हा घटनादत्त हक्क आहे, असा दावा विद्यार्थ्यांनी संघराज्याच्या न्यायालयात लढविला. एप्रिल २०२० मध्ये अपील न्यायालयाच्या खंडपीठाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या महिन्यात राज्य सरकारने तडजोड केली. याच काळात कोरोनाने शहरात थैमान घातले. डेट्रॉईटमधील कोणाही उमेदवाराला हे प्रश्न टाळता येण्यासारखे नव्हते.

ठाणेदार यांनी गरिबी, शिक्षण, आरोग्यसेवा आणि रोजगार यांवर भर दिला आणि प्रत्येक मुद्दा स्वतःच्या आयुष्याशी जोडला. आपण दारिद्र्यातून वर आलो, शिक्षणाने आपल्याला वर काढले, म्हणून या मतदारांचे दुःख आपल्याला कळते, असे त्यांचे सांगणे होते. या युक्तिवादात खरेपणा आहे, तशी एक उणीवही आहे. बेळगावातील ओढगस्तीच्या घराला शाळा-कॉलेजची वाट खुली होती; डेट्रॉईटमधील गरिबीमागे वर्णभेद, घरकर्ज नाकारणारी धोरणे आणि मोडकळीस आलेल्या शाळा यांचा कित्येक पिढ्यांचा इतिहास आहे. एकट्याच्या जिद्दीची कहाणी त्या इतिहासाला पुरी पडत नाही. तरीही अनोळखी उच्चारात बोलणाऱ्या, परदेशी जन्माच्या माणसाला लोकांनी दारातून परत पाठविले नाही, ही गोष्ट त्या मतदारांच्या मोठेपणाची आहे आणि ती नोंदविलीच पाहिजे.

ऑगस्ट २०२० च्या बहुरंगी प्राथमिक निवडणुकीत त्यांना एक-तृतीयांशाहून थोडी अधिक मते मिळाली आणि तेवढ्यावर उमेदवारी पक्की झाली. या लढतीसाठी त्यांनी स्वतःचे चार लाख डॉलरहून अधिक खर्च केले. राज्य पातळीवरील एका जागेसाठी ही रक्कम असाधारण असून प्रतिस्पर्ध्यांना तिची बरोबरी करणे शक्य नव्हते. डेट्रॉईटमध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारी हाच खरा निकाल असतो. नोव्हेंबरमध्ये त्यांना सुमारे ९३ टक्के मते पडली. मिशिगनच्या विधिमंडळात भारतीय वंशाचे सदस्य याआधीही होते. सॅम सिंग यांनी तर प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅटिक गटाचे नेतृत्व केले होते आणि पद्मा कुप्पा २०१८ मध्ये निवडून आल्या होत्या. ठाणेदार यांचे वेगळेपण वंशात नसून त्यांनी निवडलेल्या मतदारसंघात आहे.

जानेवारी २०२१ मध्ये ते राज्याची राजधानी लान्सिंग येथे सभागृहात दाखल झाले. तेथे रिपब्लिकन पक्षाचे ५८ आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे ५२ सदस्य होते. अल्पमतातील पहिल्या खेपेच्या सदस्याचे विधेयक अशा सभागृहात सहसा समितीतच अडकते. त्यामुळे प्रचारातील प्राधान्यक्रम कायद्यात उतरले नाहीत. दुसऱ्या मुदतीची वाट न पाहता ठाणेदार काँग्रेसच्या लढतीकडे वळले. राज्याच्या प्रतिनिधिगृहातील कारकीर्द त्यामुळे एका मुदतीचीच राहिली आणि एवढ्या अल्पावधीत मतदारसंघासाठी पायाभूत काम उभे राहणे कठीणच होते. नव्या मतदारसंघरचनेनंतर २०२२ मध्ये काँग्रेसच्या तेराव्या मतदारसंघातील नऊजणांच्या प्राथमिक लढतीत सुमारे २८ टक्के मतांनी ते पुढे आले. याही वेळी बराचसा पैसा स्वतःचा होता. कृष्णवर्णीय उमेदवारांची मते विभागली गेली आणि १९५५ पासून प्रथमच डेट्रॉईटला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. शहरातील अनेकांनी त्याची खंत उघडपणे बोलून दाखविली. ती खंत रास्त आहे.

ठाणेदार यांची खरी कसोटी उद्योजक म्हणून झाली होती. लोकप्रतिनिधी म्हणून त्यांचे मोजमाप डेट्रॉईटमधील शाळा, पाणी आणि रोजगार यांवरच व्हायला हवे. २०२४ मध्ये ते काँग्रेसवर पुन्हा निवडून आले.