खूर गाळणाऱ्या कुरणांचा मागोवा

मार्को पोलोने १२९८ च्या सुमारास जिनोआच्या तुरुंगात आपल्या प्रवासाची हकिकत सांगितली, तीत आजच्या चीनमधल्या गान्सू भागातल्या डोंगरांचे वर्णन येते. तिथली रेवंदचिनी व्यापारी दूरदूर नेत. मात्र डोंगरात शिरताना जनावरे त्याच मुलखातली घेत. कारण तिथे एक विषारी वनस्पती उगवे आणि ती खाणाऱ्या जनावराचे खूर गळून पडत. स्थानिक जनावरे तिला तोंड लावत नसत. परकी मात्र फसत. विसाव्या शतकातल्या काही अभ्यासकांनी ही सेलेनियमच्या विषबाधेची पहिली नोंद ठरवून टाकली. दोन-चार ओळींवरून निदान करण्याचा हा उत्साह मला अंमळ जास्त वाटतो. पण खुरांची खूण डावलावी तरी कशी?

तिथून आपण थेट १८५७ सालात, अमेरिकेतल्या मिसूरी नदीकाठच्या फोर्ट रँडल या लष्करी ठाण्यावर येतो. आसपासच्या कुरणात चरणाऱ्या पलटणीच्या घोड्यांची आयाळ आणि शेपटीचे केस झडू लागले, खूर दुखावले, याची नोंद मॅडिसन या लष्करी डॉक्टरने केली. पुढे त्या मुलखात वस्ती केलेल्या शेतकऱ्यांनी याच दुखण्याचा आळ खाऱ्या पाण्यावर घातला आणि त्याला ‘अल्कली रोग’ म्हणू लागले. हा आळ कित्येक वर्षे टिकला. साउथ डकोटात कर्ट फ्रँके यांनी बाधित शेतांतले धान्य उंदरांना खाऊ घातले, तेव्हा विष चाऱ्या-धान्यातच असल्याचे दिसले. १९३० च्या दशकात त्याचे नावही कळले. ते होते सेलेनियम, बर्झेलियसने १८१७ मध्येच शोधलेले मूलद्रव्य.

त्याच दशकात वायोमिंगमध्ये ऑर्व्हिल बीथ यांनी मातीतले सेलेनियम ओढून साठवणाऱ्या वनस्पती हुडकल्या. वाटाण्याच्या कुळातल्या अ‍ॅस्ट्रागॅलसच्या काही जाती त्यांत अग्रभागी होत्या. त्यांना लसणीसारखा उग्र दर्प येतो, म्हणून पोटाला दुसरे काही मिळेल तोवर घोडा त्या टाळतो. खरी मेख पुढे आहे: ही झाडे कुजली की सेलेनियम सहज शोषले जाईल अशा रूपात मातीत उतरते आणि शेजारच्या साध्या गवतात शिरते. त्या गवताला ना वास, ना वेगळी चव. केस आणि खूर ज्या केराटिनचे बनतात, त्यातल्या गंधकाची जागा सेलेनियम बळकावते आणि त्याची बांधणी ढिली पडते. कातडी संपून खूर सुरू होतो त्या कडेखाली आडवी भेग पडते. नवा खूर वरून उतरत येतो, तसा जुना सुटत जातो. वेदनेने घोडा जागचा हलत नाही आणि समोर चारा-पाणी असूनही उपाशी राहतो. गंमत अशी, की १९५० च्या दशकात हेलन कॅनन यांनी याच झाडांच्या खुणेवरून कोलोरॅडो पठारावर युरेनियमचा माग काढला.

मग १९५७ साली गोष्टीने कूस बदलली. क्लाउस श्वार्त्स आणि कॅल्विन फोल्ट्झ यांनी सेलेनियम अल्प प्रमाणात शरीराला आवश्यक असल्याचे दाखवून दिले. ते कमी पडले, तर शिंगरांचे स्नायू निकामी होतात. किलोभर कोरड्या चाऱ्यात साधारण ०.१ मिलिग्रॅम हवे. ५ च्या वर गेले की धोका. तेव्हापासून घोडेवाले कुरणातल्या ज्या द्रव्याला भीत होते, तेच बाटलीतून विकत आणू लागले. एप्रिल २००९ मध्ये फ्लोरिडातल्या वेलिंग्टन येथे पोलोच्या मोठ्या स्पर्धेच्या वेळी एकाच संघाचे २१ घोडे दगावले. त्यांना टोचलेल्या पूरक औषधात सेलेनियमचे प्रमाण चुकले होते.