शिलोत्री मण व खाडीकांठचें आजचें नगर

ठाण्याच्या व पनवेलच्या खाड्यांच्या कांठीं आज जें नवी मुंबई नामक नगर वसलें आहे, त्याचा इतिहास १९७० पासून सांगण्याचा प्रघात पडला आहे. त्या वर्षीं १७ मार्च रोजीं सिडको ही संस्था स्थापन झाली व ठाणें, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतील ९५ गांवें नव्या नगरासाठीं मुक्रर करण्यांत आलीं, हें खरें. परंतु त्या भूमीचा बराचसा भाग पूर्वींच्या पिढ्यांनीं भरतीच्या पाण्यापासून सोडविलेला होता, आणि तें काम कोणा एका गांवाच्या आवांक्यांतलें नव्हतें. शेजाऱ्यांनीं तें कसें निभावलें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम सीमांविषयीं. शिलाहारांच्या ताम्रपटांत खाडीच्या पश्चिमेकडील प्रदेशास 'षट्षष्टि' म्हटलें आहे. साष्टी हें त्याचेंच अपभ्रष्ट रूप. १७३७ सालीं मराठ्यांनीं पोर्तुगीजांपासून ठाणें घेतलें. १७७४ च्या अखेरीस तें इंग्रजांकडे गेलें, आणि पुढें पेशवाईच्या उत्तरकाळांत ही खाडी दोन राज्यांमधील सीमा होऊन राहिली. इंग्रजी अमलांत पनवेल व उरण हा मुलूख आरंभीं ठाणें जिल्ह्यांत होता, तो १८८३ सालीं कुलाब्यास जोडला गेला. १९८१ सालीं कुलाब्याचें नांव रायगड झालें. सारांश, येथील सीमा वारंवार बदलल्या. भरतीची रेषा मात्र कोणत्याच दप्तरास जुमानीत नाहीं.

खार म्हणजे बांध घालून समुद्रापासून मिळविलेली जमीन. बाहेरचा मोठा बांध उधाणाचें पाणी अडवितो. आंतले लहान बांध शेतांत पावसाचें पाणी राखून जमिनीचा खारटपणा धुवून काढतात. आणि उघाडी भरतीला मिटून ओहोटीला उघडते, म्हणून आंतील अधिक पाणी बाहेर निघून जातें. बाहेरच्या बांधास एका ठिकाणीं खांड पडली कीं पलीकडील शिवारहि नासतें. तेव्हां शेजाऱ्याचा बांध राखणें हा येथें परोपकार नव्हता. तो स्वतःच्या भाताचा प्रश्न होता.

या गरजेंतून जी व्यवस्था निघाली तिचें उत्तम उदाहरण पेण तालुक्यांतील शिलोत्रीचें होय. मुख्यत्वेंकरून १७५५ ते १७८० या काळांत कांहीं वजनदार गृहस्थांनीं बाहेरचे बांध घालण्याचें पत्करून तेथील खारी लागवडीस आणल्या. त्यांस शिलोत्रीदार म्हणत. रयत सरकारचा धारा भरीच. त्याशिवाय बिघ्यामागें एक मण भात शिलोत्रीदारास देई. हाच 'शिलोत्री मण'. त्याच्या मोबदल्यांत बाहेरचा बांध दुरुस्त ठेवणें शिलोत्रीदाराकडे, व आंतले बांध रयतेकडे. पनवेल तालुक्यांतील 'शिलोत्तर रायचूर' या ग्रामनामांत याच शब्दाचा अवशेष असावा, असें आम्हांस वाटतें. अलिबागेकडे गांवकऱ्यांनीं एकत्र श्रम करून बांध राखण्याची जी रीत होती, तिला 'जोळ' म्हणतात.

या व्यवस्थेचें मर्म तीन गोष्टींत आहे. वाटा माणसावर नसून जमिनीवर होता. म्हणून कूळ बदललें, नवें कुटुंब येऊन वसलें, तरी बांधाचा भाग चुकत नसे. तो एकरकमी नसून दरसालचा होता. आणि बांध फुटला तर जाब कोणास विचारावयाचा, हें ठरलेलें होतें. पुढें हीं कामें सरकारास हातीं घ्यावीं लागलीं, व १९४८ सालीं मुंबई इलाख्यांत आणि १९७९ सालीं महाराष्ट्रांत खार जमिनींविषयींचे कायदे झाले.

मुंबई शहराची वस्ती १९६१ सालीं ४१ लाखांवर होती. ती १९७१ सालीं ५९ लाखांवर गेली. हा भार वांटून घेण्यासाठीं खाडीपलीकडे नगर योजिलें गेलें. संपादनाच्या मोबदल्यावरून शेतकऱ्यांचा रोष वाढत जाऊन जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत जासईनजीक पोलिसांच्या गोळीबारांत पांच जण मृत्यु पावले. त्यानंतरच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना पुढें आली. शेत गेल्यावर बांध राखणाराहि उरला नाहीं.

जुन्या बांधणीचें तत्त्व मात्र नगरासहि सोडतां आलें नाहीं. भरती व पाऊस एकाच वेळीं आले असतां पाणी साठविण्यासाठीं वाशी, बेलापूर इत्यादि ठिकाणीं जे धारण तलाव बांधले, त्यांस डच पद्धतीचे म्हणतात. पण त्यांचीं भरतीला मिटणारीं व ओहोटीला उघडणारीं दारें पाहिलीं कीं खारेकरी आगऱ्यास आपली उघाडीच आठवावी! आज त्यांत गाळ साचला व तिवरें वाढलीं आहेत.

सहकार्याचे दोन अर्वाचीन दाखले तोलून पाहण्याजोगे आहेत. मानखुर्द–वाशी लोहमार्ग ९ मे १९९२ रोजीं सुरू झाला. त्याच्या खर्चाचा ६७ टक्के भाग सिडकोनें व ३३ टक्के रेल्वेनें उचलला. वाटे आधीं ठरले, म्हणून काम उभें राहिलें. दुसरा दाखला मोरबे धरणाचा. तें रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यांत आहे. ठाणें जिल्ह्यांतील नवी मुंबई महानगरपालिकेनें तें २००२ सालीं विकत घेतलें. २०११ च्या शिरगणतींत अकरा लाखांवर गेलेल्या या नगराची तहान त्यावर भागते. परंतु ज्यांच्या जमिनी त्या जलाशयाखालीं गेल्या त्यांच्या तक्रारी अनेक वर्षें चालू राहिल्या. धरण एकदां विकत घेतां येतें. शेजार दरसाल राखावा लागतो. पाणी पिणाऱ्या नगरानें पाणी देणाऱ्या मुलखास वर्षानुवर्ष कांहीं वाटा द्यावा, ही कल्पना नवी नव्हे. तिचें नांव शिलोत्री मण.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. बांधबंदिस्तीच्या याद्या, मणाच्या वसुलीच्या वह्या, उघाडीच्या खर्चाचे हिशेब हे कागद राजकारणाचे नसल्यामुळें आजवर उपेक्षिले गेले. गांवठाणांतील जुनीं घरें पडून तेथें इमारती उठत आहेत, आणि मोडी वाचणारे थोडे उरले आहेत. असा एखादा रुमाल दृष्टीस पडल्यास त्याची नक्कल तरी करून ठेवावी. बांध कोणी घातला हें सनदेवरून कळेल. तो इतकीं वर्षें कोणीं राखला, हें या वह्याच सांगतील.