वाडीकर सावंतांचा पक्षनिर्णय : शाहू-ताराबाई कलहांतील एक प्रकरण

इ. स. १७०७ ते १७१४ या सात वर्षांत मराठी राज्यांतील प्रत्येक सरदारास, किल्लेदारास व वतनदारास एका प्रश्नाचें उत्तर द्यावें लागलें. गादीचा खरा धनी कोण, हें त्या प्रश्नाचें उघड रूप होय. आपण कोणाचे हें केव्हां बोलून दाखवावयाचें, ही त्यांतील खरी अडचण होय. धन्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. वेळेचा विचार मात्र क्वचितच झालेला दिसतो. तो दक्षिण कोंकणच्या, म्हणजे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या, उदाहरणावरून करावा असा आमचा हेतु आहे.

प्रथम कालक्रम ध्यानांत घेऊं. १७०७ च्या मार्चांत औरंगजेब वारला आणि मे महिन्यांत शाहू मोगलांच्या छावणींतून सुटला. ताराबाईचा पुत्र शिवाजी हा १७०० पासून गादीवर होता. आलेला शाहू तोतया आहे, असा पुकारा ताराबाईनें केला. सरदारांकडून तिनें दूधभातावर शपथा घेवविल्याची कथाही प्रसिद्ध आहे. परसोजी भोसल्यानें शाहूच्या ताटांत जेवून त्याच्या खरेपणाची साक्ष दिली, असें सांगतात. आक्टोबरांत खेडच्या लढाईच्या वेळीं ताराबाईचा सेनापति धनाजी जाधव शाहूकडे वळला आणि १२ जानेवारी १७०८ रोजीं साताऱ्यास शाहूचा राज्याभिषेक झाला. परसोजीनें लढाईपूर्वीं, धनाजीनें रणांगणावर, व इतर कित्येकांनीं राज्याभिषेक झाल्यावर निर्णय केला. तिघांचा पक्ष एकच; परंतु तिघांच्या निष्ठेचें मोल एक नव्हे.

यानंतर हा कलह कोंकणच्या दाराशीं आला. शाहूनें पन्हाळा व विशाळगड घेतले आणि रांगण्यास वेढा घातला. रांगणा घाटमाथ्यावर असून त्याच्या पायथ्यास कुडाळ प्रांत पसरलेला आहे. ताराबाई मुलासह खालीं उतरून मालवणास, सिंधुदुर्गाच्या आश्रयास गेली. रामचंद्रपंत अमात्यानें रांगणा लढविला. पावसाळा आला, वेढा उठला, शाहू मागें फिरला. घाटावर शाहूची सरशी झालेली, समुद्रांत सिंधुदुर्ग ताराबाईचा, आणि या दोहोंच्या मध्यें कुडाळचे देशमुख वाडीकर सावंत, अशी त्या वेळची स्थिति होती.

सावंतांस हा पेंच नवा नव्हता. १६५९ त लखम सावंतानें थोरल्या शिवाजी महाराजांशीं करार केला होता. कुडाळच्या उत्पन्नाचा अर्धा वांटा महाराजांस द्यावा, अर्धा आपण ठेवावा व फौजेनिशीं चाकरी करावी, असें त्याचें स्वरूप होतें. पुढें तो आदिलशाहीकडे परत गेला आणि महाराजांनीं त्याचें पारिपत्य केलें. लवकर शब्द देणें आणि लवकर फिरणें, या दोहोंची किंमत या घराण्यानें एकदां मोजलेली होती.

१६७५ पासून गादीवर असलेल्या खेम सावंतानें शाहूचा पक्ष धरला. शाहूनें त्याचा मुलूख त्याजकडे कायम केला. साळशी महालाच्या उत्पन्नांतील वांटाही त्यास मिळाल्याचें गॅझेटियरकार नमूद करतात. १७०९ त खेम सावंत वारला व पुतण्या फोंड सावंत गादीवर आला. आतां ग्रांट डफ पाहावा. त्याच्या इतिहासांत वाडीचा फोंड सावंत ताराबाईस मिळाला, आणि ती मालवणाहून निघून पुनः पन्हाळ्यास पोंचली, असें आहे. चुलत्याची सनद एका छत्रपतीची व पुतण्याची मदत दुसऱ्याची, असा हा प्रकार आहे.

या दोन विधानांत एक खोटें मानण्याकडे वाचकाचा कल होतो. आमच्या मतें दोन्हीं खरीं असण्यास कोणतीही अडचण नाहीं. शाहूचें सैन्य रांगण्याखालीं असतां त्यास नकार देणें म्हणजे कुडाळ प्रांत लुटीस देणें होय. तें सैन्य पावसाळ्याबरोबर निघून गेलें. सिंधुदुर्ग मात्र जागच्या जागीं राहिला. मालवणाहून घाट चढावयाचा तर कुडाळ किंवा साळशीचा मुलूख टाळणें कठीण. वाट अडविली असती तर आरमार व किल्ला बाळगणारी शेजारीण कायमची वैरीण झाली असती. दूरच्या धन्याची सनद आणि जवळच्या धन्याची भीति यांमध्यें सांपडलेल्या संस्थानिकानें ऋतुमानाप्रमाणें वागावें, यांत नवल तें काय?

याशीं कान्होजी आंग्र्याचें वर्तन ताडून पाहण्याजोगें आहे. तो ताराबाईच्या पक्षाचा होता व शाहूकडे वळण्याची त्यानें मुळींच घाई केली नाहीं. मध्यंतरीं शाहूचें बळ ओसरलें. १७११ त धनाजीचा पुत्र चंद्रसेन जाधव त्यास सोडून गेला आणि १७१३ त त्याचा पेशवा बहिरोपंत पिंगळे आंग्र्याच्याच कैदेंत पडला. तेव्हां बाळाजी विश्वनाथ पेशवा होऊन बोलणीं करण्यास आला, आणि १७१४ त तह झाला. आंग्र्यास सरखेली, दहा किल्ले व सोळा लहान ठाणीं मिळालीं. शाहूचा उत्कर्ष होत असतां खेम सावंत त्यास मिळाला व त्याचें होतें तें कायम झालें. शाहूची निकड असतां आंग्रे मिळाला व त्यानें हवें तें मागून घेतलें. लवकर कीं उशिरां, एवढ्यानें निर्णयाचें फळ ठरत नाहीं. ज्याला शब्द द्यावयाचा त्यास त्या घटकेस त्याची गरज किती, व तो शब्द पाळण्याचें आपलें बळ किती, यांवर तें ठरतें.

वाडीच्या निर्णयाचा शेवट तर याहून बोधप्रद आहे. १७३१ च्या वारणेच्या तहानें शाहूनें कोंकणांतील साळशीपासून अंकोल्यापर्यंतचा प्रांत कोल्हापूरकर संभाजीच्या हद्दींत मान्य केला. ज्या शाहूची सनद खेम सावंतानें मिळविली, त्यानेंच सावंतांचा मुलूख ज्या हद्दींत येतो तो प्रदेश प्रतिस्पर्ध्याच्या नांवें लिहून दिला! आंग्रे व सावंत एकाच छत्रपतीच्या सनदांचे धनी. तरी १७३० त फोंड सावंतानें आंग्र्याविरुद्ध इंग्रजांशीं तह केला. कोल्हापूर व वाडी यांचें वैर तर शतकभर पुरलें. १८१२ त कोल्हापूरकरांकडून मालवण व वाडीकरांकडून वेंगुर्लें इंग्रजांनीं घेतलें, तेव्हां त्या वैराचा नफा कोणाच्या पदरीं पडला हें उघड झालें.

या प्रकरणाचा संग्राहकांस उपयोग आहे, म्हणून दोन शब्द लिहितों. या काळांत एकाच वतनाच्या, एकाच घराण्यास, दोन छत्रपतींच्या सनदा मिळालेल्या आढळतात. दप्तर लावतांना त्यांतील एक बनावट ठरवून बाजूस टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. ती जोडी हीच वतनदाराच्या निर्णयाची साक्ष होय. एक कागद फेंकला कीं ती साक्ष नष्ट झाली. मायन्यांतील छत्रपतीचें नांव आणि राज्याभिषेक शक हीं नेहमीं मिळून वाचावींत. ‘शिव छत्रपति’ एवढें पाहून थोरल्या महाराजांचें पत्र म्हणून हर्ष मानूं नये. शक १ ते ६ असेल तर तें त्यांचें असूं शकेल, ३४ असेल तर तें ताराबाईच्या पुत्राच्या नांवें निघालेलें आहे. केवळ वर्षावरही विसंबूं नये. खेडची लढाई, साताऱ्याचा राज्याभिषेक व रांगण्याची मोहीम हीं सर्व त्याच ३४ व्या वर्षांत पडतात. राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस पालटतो व सुहूर सन मृगाच्या आरंभीं, म्हणजे दोन्हीं पावसाळ्याच्या तोंडाशीं, फौजा परतत त्याच सुमारास, बदलतात. म्हणून महिना व तिथि असलेला फाटका चिटोराही या कामीं नुसतें वर्ष असलेल्या अखंड सनदेहून मोलाचा आहे.

कुडाळ, साळशी व मालवण या भागांतील गांवकरी, मठ व देवस्थानें यांच्या दप्तरांत १७०७ ते १७१४ च्या दरम्यानचे असे कागद ज्यांच्या पाहण्यांत येतील, त्यांनीं दोन्ही पक्षांचे कागद एकत्र, तिथिक्रमानें, एकही न गाळतां प्रसिद्ध करावे, अशी आमची विनंति आहे. तसें झाल्यास राजांनीं काय इच्छिलें याबरोबरच वाटेंतील माणसांनीं कोणत्या महिन्यांत काय ठरविलें, हेंही इतिहासास सांगतां येईल.