दाबविद्युत उत्प्रेरणाद्वारे कार्बन डायऑक्साइडचे क्षपण

दाबविद्युत उत्प्रेरण (पीझोकॅटॅलिसिस) म्हणजे दाब, ताण किंवा कंपन यांमुळे विशिष्ट स्फटिकांच्या पृष्ठभागावर निर्माण होणाऱ्या विद्युत प्रभारांकरवी रासायनिक विक्रिया घडवून आणण्याची पद्धत होय. या पद्धतीने कार्बन डायऑक्साइडचे कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, मिथेनॉल, फॉर्मिक आम्ल यांसारख्या उपयुक्त संयुगांत रूपांतर करण्याचे प्रयत्न चालू आहेत. उत्प्रेरकाला प्रकाशाची किंवा विद्युतप्रवाहाच्या जोडणीची गरज नसणे, हे तिचे वैशिष्ट्य आहे. ही पद्धत अद्याप प्रयोगशाळेच्या पातळीवर आहे.

पार्श्वभूमी

दाबविद्युत परिणामाचा शोध ज्याक क्युरी व पिएर क्युरी या फ्रेंच बंधूंनी १८८० मध्ये लावला. क्वार्ट्‌झ, टुर्मलीन, रोशेल लवण इत्यादी स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युत प्रभार प्रकट होतात, असे त्यांनी दाखवले. गॅसची शेगडी पेटवण्याच्या काही लायटरांमधील ठिणगी याच परिणामातून उत्पन्न होते. स्फटिकांच्या ३२ वर्गांपैकी २० वर्गांत हा गुणधर्म आढळतो. या सर्व वर्गांत सममिती केंद्राचा अभाव असतो.

२०१० मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातील संशोधकांनी झिंक ऑक्साइडचे सूक्ष्म तंतू व बेरियम टिटॅनेटचे वृक्षाकार सूक्ष्म स्फटिक पाण्यात श्राव्यातीत ध्वनीने कंपित करून पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन यांत विघटन केले. पुढे हीच कल्पना कार्बन डायऑक्साइडच्या क्षपणासाठी वापरण्यात आली.

कार्यतत्त्व

स्फटिक वाकला किंवा दाबला गेला की त्यातील धन व ऋण प्रभारांची केंद्रे एकमेकांपासून सरकतात आणि अंतर्गत विद्युत क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रामुळे इलेक्ट्रॉन एका बाजूस, तर इलेक्ट्रॉन निघून गेल्याने उरलेल्या धन पोकळ्या दुसऱ्या बाजूस ओढल्या जातात. इलेक्ट्रॉन कार्बन डायऑक्साइडचे क्षपण करतात. धन पोकळ्या पाण्याचे किंवा मुद्दाम मिसळलेल्या सहायक पदार्थाचे ऑक्सिडीकरण करतात.

या प्रक्रियेची दोन स्पष्टीकरणे प्रचलित आहेत. पहिल्यानुसार विक्रियेतील प्रभार अर्धसंवाहकाच्या ऊर्जापट्टांमधून येतात व दाबविद्युत क्षेत्रामुळे ते पट्ट कलतात. दुसऱ्यानुसार स्फटिकाच्या पृष्ठभागावर बाहेरून चिकटलेले समतोलक प्रभार दाब बदलताच मुक्त होतात आणि तेच विक्रिया घडवतात.

कार्बन डायऑक्साइडचा रेणू अतिशय स्थिर असतो. त्याला एकच इलेक्ट्रॉन देण्यासाठी, सामू ७ असताना, प्रमाण हायड्रोजन विद्युत अग्राच्या तुलनेत सुमारे −१.९ व्होल्ट विभव लागतो. प्रोटॉनांसह अनेक इलेक्ट्रॉन दिल्यास मात्र ही अट पुष्कळ सौम्य होते: दोन इलेक्ट्रॉनांनी कार्बन मोनॉक्साइड (सुमारे −०.५३ व्होल्ट), सहा इलेक्ट्रॉनांनी मिथेनॉल (−०.३८ व्होल्ट) व आठ इलेक्ट्रॉनांनी मिथेन (−०.२४ व्होल्ट) मिळतो. पाण्यातून हायड्रोजन निर्माण होण्यास सुमारे −०.४१ व्होल्ट पुरतात. त्यामुळे ही स्पर्धक विक्रिया बरेच इलेक्ट्रॉन खर्ची घालते.

उत्प्रेरक पदार्थ

बेरियम टिटॅनेट, झिंक ऑक्साइड, बिस्मथ फेराइट, तसेच मोलिब्डेनम डायसल्फाइडचे अतिशय पातळ थर यांचा दाबविद्युत उत्प्रेरक म्हणून अभ्यास झाला आहे. लेड झिर्कोनेट टिटॅनेटचा दाबविद्युत प्रतिसाद प्रबळ असला, तरी त्यातील शिसे विषारी असल्याने शिसेविरहित पदार्थांना प्राधान्य दिले जाते.

पडताळणी

प्रयोगात कार्बनी संयुगे मिळाली, एवढ्यावरून ती दाबविद्युत परिणामानेच निर्माण झाली असे सिद्ध होत नाही. श्राव्यातीत ध्वनीमुळे द्रवात निर्माण होणारे बुडबुडे फुटताना क्षणभर काही हजार अंश तापमान उद्भवते आणि त्यानेही रासायनिक विक्रिया घडू शकतात. शिवाय उत्प्रेरकावरील सेंद्रिय अशुद्धी किंवा मिथेनॉलसारखे सहायक पदार्थ हेही उत्पादनातील कार्बनचे उगम असू शकतात. म्हणून पुढील तुलनात्मक चाचण्या आवश्यक ठरतात:

• कार्बन-१३ या समस्थानिकाने युक्त कार्बन डायऑक्साइड वापरून उत्पादनातील कार्बनचा उगम तपासणे.
• उत्प्रेरकाविना केवळ ध्वनी देऊन विक्रिया पाहणे.
• दाबविद्युत गुणधर्म नसलेला, परंतु रचनेने जवळचा पदार्थ वापरणे.
• कार्बन डायऑक्साइडऐवजी आर्गॉन वायू सोडून पाहणे.
• विक्रियेचे तापमान स्थिर राखणे.

मर्यादा व उपयुक्तता

श्राव्यातीत ध्वनी निर्माण करण्यास वीज लागते आणि तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. ही वीज कोळशापासून आलेली असेल, तर उत्पादनात बांधल्या गेलेल्या कार्बनपेक्षा अधिक कार्बन हवेत सोडला जाण्याची शक्यता असते. त्यामुळे केवळ उत्प्रेरकाच्या प्रतिग्रॅम उत्पादनावरून पद्धतीचे मूल्यमापन करणे अपुरे आहे. पुरवलेली एकूण ऊर्जा व उत्पादनात साठलेली ऊर्जा यांचे गुणोत्तरही द्यावे लागते. वाहते पाणी, यंत्रांची कंपने यांसारखी अन्यथा वाया जाणारी यांत्रिक ऊर्जा वापरता आल्यास हा हिशेब अनुकूल होऊ शकतो. मात्र अशी कंपने बहुधा मंद व अनियमित असल्याने, अल्प ताणालाही प्रतिसाद देणारे टिकाऊ उत्प्रेरक शोधणे हे या क्षेत्रातील प्रमुख आव्हान आहे.