खासदाराने वर्षभरात किती प्रश्न विचारले? आकडा असा वाचा
नागपूरचे खासदार नितीन गडकरी २०१४ पासून केंद्रात मंत्री आहेत. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. त्यामुळे त्यांच्या नावावर प्रश्न नसणं म्हणजे निष्क्रियता नव्हे. नागपूर जिल्ह्यातल्याच रामटेकचे काँग्रेस खासदार श्यामकुमार बर्वे मंत्री नाहीत, म्हणून त्यांचे प्रश्न मोजता येतात.

पण नुसता आकडाही फसवा असतो. लोकसभेत दिवसाला जास्तीत जास्त २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतात. कुणाचा नंबर लागणार, हे सोडतीने ठरतं. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितला लेखी उत्तर मिळतं. शून्य प्रहरातल्या भाषणाला मात्र लगेच उत्तर देण्याचं बंधन नसतं.

म्हणून लोकसभेच्या वेबसाइटवर मूळ प्रश्न वाचा. त्यात तुमच्या भागाचं काही आहे का?